हिरालाल कोतवालाची पडीत जागा

तसा मी रागीट माणूस. बत्तीस वर्षं तलाठ्याची नोकरी केली, त्यात दोन मंडळ अधिकाऱ्यांशी, तीन सरपंचांशी आणि एका बँक मॅनेजरशी कायमचं वाकडं घेतलं. बायको म्हणते, तुमचा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो. असेल. पण कोसमटोल्याच्या हिरालाल मेश्रामनं पाच वर्षं मला तोंडावर खोटं सांगितलं, ते माझ्याच हातानं सरकारी कागदावर लिहून घेतलं, वर त्या खोट्यातलीच मरळ मासळी रस्सा करून मला खाऊ घातली, आणि तरी या माणसावर मला एक दिवस धड रागावता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

कोसमटोला गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडपासून पाच-सहा किलोमीटर. धानाच्या बांध्यांमधून रस्ता जातो आणि एकदम तलावाच्या पाळीवर चढतो. तलाव जुना, मालगुजाराच्या, म्हणजे इथल्या जमीनदाराच्या काळातला. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, पण गावाच्या बाजूचा सहा एकरांचा उतरता काठ पूर्वीपासून सगळ्यांचा. कागदावर त्याला निस्ताराची जमीन म्हणतात, म्हणजे गावानं वापरायची, कोणी विकायची नाही. पावसाळ्यात निम्मा काठ पाण्याखाली जातो आणि तिथल्या गवतात मासे अंडी घालतात. पाऊस ओसरला की बाया तेच गवत गुरांसाठी कापतात. उन्हाळ्यात घरं सारवायची माती तिथून येते. मासेमार ढिवरांची जाळी तिथं वाळतात, म्हशी तिथं बसतात, पोरं तिथं पोहायला शिकतात, आणि कुणाचा दहावा असला तरी माणसं तिथंच उतरतात.

ही झाली खरी गोष्ट. कागदावर मात्र चाळीस वर्षं या जागेपुढे एकच शब्द होता, 'पडीत'. तो शब्द हिरालालचा.

शहरातल्या लोकांना कोतवाल म्हटलं की पोलीस आठवतो. आमच्या खात्यात कोतवाल म्हणजे तलाठ्याचा उजवा हात आणि दोन्ही पाय. दवंडी त्यानं द्यायची, नोटीस त्यानं पोचवायची, कागदांचं गाठोडं त्यानं वाहायचं, आणि पंचनामा झाला की पंच म्हणून पहिली सही त्याची. मानधन इतकं की आकडा सांगायला मला लाज वाटते. पण सही अशी करायचा की जिल्हाधिकाऱ्यानं शिकून घ्यावी. नुसत्या पहिल्या वेलांटीला अर्धा मिनिट. मी ओरडायचो, "अरे बाप्पा, सही कर, रांगोळी नको काढू!" तो मान वर न करता म्हणायचा, "साहेब, उद्या कोर्टात गेली तं वाचता आली पाहिजे ना."

चौऱ्याण्णव साली मी तिथं रुजू झालो. पहिल्याच पाहणीला पाळीवर उभा राहून विचारलं, "हिरालाल, ही खालची जागा कसली?"

"पडीत आहे साहेब. काई होत नाई तिथं."

"मग ती जाळी?"

"वाळून राहिली."

"आणि त्या बाया काय कापतायत?"

"टाइमपास करून राहिल्या साहेब."

मी त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ऊन मी म्हणत होतं. मी तिथंच मोहाच्या सावलीत वही उघडली आणि लिहिलं, पडीत, वापर नाही. खाली उतरून बघायला पाहिजे होतं, नाही उतरलो. संध्याकाळी त्याच्या घरी जेवलो. मासा कुठला म्हणून विचारलं तर त्याची बायको रुक्माबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि हा शांतपणे म्हणाला, "सौंदडच्या बाजारातला." बाजार होऊन चार दिवस झाले होते आणि मासा सकाळपर्यंत जिवंत होता, एवढं मलाही कळत होतं. पण रस्सा असा झाला होता की मी चौकशी पुढं नेली नाही.

यामागचं कारण मला रुक्माबाईनंच पाच वर्षांनी, माझी बदली झाली तेव्हा सांगितलं. हिरालाल अठरा वर्षांचा असताना एका तलाठ्यानं प्रामाणिकपणे सगळं लिहून नेलं होतं. गवत, मासळी, माती, सगळं. लिहिलं म्हणून वरच्यांना कळलं, कळलं म्हणून लिलाव झाला. ठेकेदारानं काठाला काटेरी तार ठोकली आणि राखणदार बसवला. तीन उन्हाळे गावातली घरं सारवली गेली नाहीत. हिरालालची आई एक दिवस गवताचा भारा घेऊन तारेखालून निघत होती. राखणदारानं तिच्या डोक्यावरचा भारा पाण्यात फेकला आणि साऱ्या गावादेखत तिला छातीभर पाण्यात उतरून तो बाहेर काढायला लावला. पुढं ठेका संपला, तार गेली, आणि गावानं बसून ठरवलं की काठाबद्दल सरकारी माणसासमोर तोंड उघडायचं नाही. वर्षभरात हिरालाल कोतवाल झाला. मग सरकारी माणसाला उत्तर द्यायचं काम आपोआप त्याच्याकडे आलं.

गंमत अशी की हा बाबा एरवी खोटं बोलत नसे. त्याला ते जमायचंच नाही. संध्याकाळी विहारात सगळे पंचशील म्हणायचे, त्यात चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही, की याला नेमका खोकला यायचा. रुक्माबाई मला म्हणायची, "साहेब, यायले कोनत्या डॉक्टरकडं नेऊ? तिसऱ्या शीलापर्यंत छाती साफ राहते, चौथ्याले कफ दाटते."

सदतीस वर्षांच्या नोकरीत अकरा तलाठी आले. अकराही जणांना त्यानं पडीतच सांगितलं. मी त्यातला चौथा.

तो निवृत्त झाला, नंतर मीही झालो आणि गोंदियात घर बांधून राहिलो. गेल्या वर्षी कोसमटोल्यात तलावाच्या पाळीवर रंगीत फलक लागला, 'तलावकाठ क्रीडा व व्यापारी संकुल'. धावपट्टी, कबड्डीचा हॉल, बोटिंग, लग्नाचं लॉन आणि पाण्याकडे तोंड करून चाळीस गाळे. जागा तीच सहा एकर, साठ वर्षांच्या करारानं एका कंपनीला. ग्रामसभेची मंजुरी तेवढी बाकी होती. फलकावरच्या चित्रात काठानं फिरणारी माणसं सगळी गोरीगोमटी, एकाच्याही डोक्यावर गवताचा भारा नाही.

खरं सांगतो, मला आधी काही वाईट वाटलं नाही. गावात मैदान नव्हतंच. शालीकराम ढिवराची मुलगी भूमिका पोलीस भरतीची तयारी करत होती. ती रोज पाळीवर पळायची आणि दोनदा घसरून तिनं गुडघे फोडून घेतले होते. तसाच हिरालालचा मुलगा लोकेश. सौंदडला दुसऱ्याच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करतो. हातात कसब मोठं, पण दुकान आपलं नाही, लग्नाला दहा वर्षं झाली तरी दुसऱ्याच्या टेबलावर बसतो. त्याला कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं, पहिल्या दहा गाळ्यांत एक तुझा. लोकेशनं दुकानाच्या पाटीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

एका दुपारी हिरालाल एकटाच माझ्या दारात. पाणी दिलं तर प्यायला नाही, बस म्हटलं तर बसला नाही. पिशवीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. संकुलाच्या प्रस्तावाची प्रत होती. 'सदर जागा गेली चाळीस वर्षे पडीत असून ग्रामस्थांचा कोणताही वापर नाही, सबब निस्ताराची नोंद कमी करण्यास हरकत नाही.' खाली पुरावा म्हणून जुन्या पंचनाम्यांची यादी, आणि प्रत्येकापुढे पंचाचं नाव एकच. हिरालाल मेश्राम, कोतवाल.

"साहेब," तो म्हणाला, "मी काठ वाचवून राहिलो होतो का देऊन राहिलो होतो?"

मला काय बोलावं सुचेना, आणि काही सुचलं नाही की मी चिडतो. मी ओरडलो, "तेव्हा कुठं गेली होती तुझी अक्कल? आणि आता माझ्याकडे कायले आला? मी काय करू?"

"तुमी काई नका करू. मी ग्रामसभेत उभा राहून खरं सांगतो. एवढंच विचाराले आलो, का तुमाले त्रास तं नाई होनार ना? तुमची बी सही आहे त्याच्यात."

बघा आता! माझ्या पेन्शनला धक्का लागेल का, हे विचारायला सत्तर वर्षांचा माणूस दोन बस बदलून उन्हातून आला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी आणखी मोठ्यानं ओरडलो. बायको आतून धावत आली आणि तिनं मलाच दटावलं. हिरालालला जेवल्याशिवाय तिनं सोडलं नाही. जाताना मी त्याला म्हणालो, "माझी काळजी नको करू. पण लोकेशचं काय?"

तो चप्पल घालत होता. "त्याले अजून सांगतलं नाई," म्हणाला.

सांगितलं तेव्हा जे व्हायचं ते झालं. रुक्माबाईनं मला फोनवर सगळं सांगितलं. लोकेश बापाला म्हणाला, "बाबा, चाळीस वर्सं खोटं बोलले तवा काई वाटलं नाई. आता माह्या गाळ्याची बारी आली तं तुमाले खरं बोलाचं आठवलं?" पोरगा चार दिवस घरी आला नाही, सौंदडलाच मित्राकडे राहिला. "साहेब," रुक्माबाई म्हणाली, "दोघंबी बरोबर आहेत. मी कोनाले रागावू?" ती बाई एरवी कुणाचं ऐकून घेणारी नाही. त्या दिवशी तिचा आवाज रडवेला होता.

ग्रामसभेला मी गेलो. माझीही सही होती, घरात बसून कसा राहणार? समाजमंदिर गच्च भरलेलं. तहसीलातून एक नायब तहसीलदार मॅडम आल्या होत्या. वयानं तरुण, बोलणं नेमकं, पुढ्यातले कागद वाचून आलेल्या. कंपनीच्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. लोकेश मागच्या भिंतीला टेकून उभा होता, बापाकडे न बघता.

"कुणाची हरकत आहे?" मॅडमनी विचारलं.

हिरालाल उठला. अंगात पांढरा सदरा, इस्त्री केलेला.

"मॅडम, मी हिरालाल मेश्राम. सदतीस वर्सं कोतवाल होतो. या जागेच्या साऱ्या पंचनाम्यावर माही सही आहे. ते सारे पंचनामे खोटे आहेत. जागा पडीत नाई, कधीच नव्हती. मी अकरा तलाठ्यायले खोटं सांगतलं. त्यायचा काई दोष नाई."

मला राहवलं नाही. मी उठून म्हणालो, "दोष आहे. मी टेकचंद कटरे, त्यातला चौथा. मी सावलीत उभं राहून लिहिलं. खाली उतरलो नाही." एवढं बोलून बसलो. इतकी वर्षं लोकांवर ओरडलो, पण स्वतःवर बोट दाखवायची ही पहिलीच वेळ.

मॅडमनी चष्मा काढला. "मेश्रामजी, खोट्या पंचनाम्यावर सह्या केल्या असं तुम्ही भर सभेत कबूल करताय. कळतंय ना?"

"कळते."

"मग आज तरी खरं बोलताय, हे मी कशावरून धरू? तुमचा जबाब मला घेता येणार नाही."

त्या बरोबरच होत्या, म्हणून जास्त लागलं. गावच्या वाटण्यांत, बांधाच्या भांडणांत, तणसाचे, म्हणजे पेंढ्याचे ढीग जळाले तर त्या पंचनाम्यांत, सगळीकडे ज्या माणसाची सही चालली, तिची किंमत एका वाक्यात गेली. हिरालाल मागे हात करून खुर्ची चाचपडत होता. शेजारच्यानं धरून बसवलं.

"वापर असेल तर वापरणाऱ्यांनी सांगावं," मॅडम म्हणाल्या.

आता ऐका. समोर दोनशे माणसं. सगळ्यांच्या घरांना काठाची माती, सगळ्यांच्या पोटात काठाची मासळी, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटेना! सरकारी माणसानं काठाबद्दल विचारलं की तोंड शिवायचं, हे लहानपणापासून शिकलेले लोक. बाया पदर दातात धरून एकमेकींकडे बघत होत्या. माझ्या शेजारी शालीकराम ढिवर बसला होता, सकाळीच जाळं ओढून आलेला, अंगाचा वास पार व्यासपीठापर्यंत जात होता. मॅडमनी सरळ त्यालाच विचारलं, "तुम्ही तिथं मासे धरता का?"

आणि तो शहाणा उठून म्हणाला, "नाई मॅडम, सौंदडच्या बाजारातून आनतो."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! हिरालालनं कपाळावर हात मारून घेतला. गावाकडून हे उत्तर त्यानंच पाठ करून घेतलं होतं.

तेव्हा भूमिका उठली. मला वाटलं, आता ही मैदान मागणार आणि सगळं संपणार.

"मॅडम, मी धावते. मले मैदान पाहिजेच. पन धावाले पानी कायले पाहिजे? शाळेच्या मांगं मुरमाडी आहे, उंच, कोरडी, सरकारचीच. तिथं मैदान काऊन नाई करत?"

कंपनीचा माणूस हसून म्हणाला, "बेटा, उधर से पानी नहीं दिखता. गाळे कौन लेगा?"

"म्हंजे मैदान आमचं नाव सांगाले, आन् पानी गाळ्यासाठी," भूमिका म्हणाली. मग बापाकडे वळली. "बाबा, कायले खोटं बोलता? मी त्याच मासळीवर मोठी झाली. सांगा ना."

शालीकराम मान खाली घालून, गुन्हा कबूल करावा तसा म्हणाला, "धरतो मॅडम. आजा धरत होता, बाप धरत होता, मीबी धरतो."

मग काय, एकेकाचं तोंड उघडलं. "माही म्हैस तिथंच बसते." "माह्या घराची माती तिथची." "माह्या सासऱ्याचा दहावा तिथंच झाला." लिहिता लिहिता मॅडमचा हात दुखायला लागला. चाळीस वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर येत होतं, कोणी ओरडून सांगत होतं, कोणी लाजत. शेवटी रुक्माबाई उठली. "या बुड्यानं खोटं बोलून आमचा काठ राखला, तेबी लिहा."

"ते लिहिता येत नाही, आजी," मॅडम म्हणाल्या, पण हसल्या.

ग्रामसभेची मंजुरी त्या दिवशी मिळाली नाही, पण प्रस्ताव रद्द करायचा अधिकार मॅडमना नव्हता, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. निकाल वरून येणार. फाइल गेली त्याला आठ महिने झाले, अजून काही कळलेलं नाही, आणि काय कळेल याची खात्री मी देत नाही. पण मॅडम म्हणाल्या, नवा पंचनामा आजच करू, आणि त्या सरळ काठावर उतरल्या. चिखलात, चांगल्या बुटांसकट. मी मागून उतरलो. त्या काठावर माझं पाऊल त्या दिवशी पहिल्यांदा पडलं.

पंच दोन पाहिजेत. एक शालीकराम झाला. "दुसरा कोण?" मॅडमनी विचारलं, आणि हिरालाल सवयीनं पुढं झाला. खिशातून पेन काढून, टोपण उघडूनसुद्धा झालं होतं.

"मेश्रामजी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही नाही."

तो थांबला. एक पाऊल मागे सरकला. उघडं पेन हातात तसंच, ते कुठं ठेवावं हेही त्याला उमजेना. सगळा गाव बघत होता.

गर्दीतून लोकेश पुढं आला. त्यानं बापाच्या हातातलं पेन घेतलं.

"नाव?" मॅडमनी विचारलं.

"लोकेश हिरालाल मेश्राम. मोबाइल दुरुस्ती करतो. या जागेवर मले एक गाळा भेटनार होता, तेबी लिहा. नंतर कोनी म्हनू नये का यानं लपवलं."

मॅडमनी ते लिहिलं. "आता जागेवर काय काय आहे ते सांगा."

लोकेश चालायला लागला आणि सांगत गेला. इथवर पावसाळ्यात पाणी येते. या गवतात मरळ अंडी घालते, तिकडल्या गवतात नाही. ही माती भिंतीला, ती चुलीला. इथून पुढं खोल आहे, पोरांना इथंच थांबवतात. इथं माझी आजी उतरली होती भारा काढायला. थांबला नाही, अडखळला नाही, अर्धा तास. मी तलाठी असताना मला कोणी असं सांगितलं असतं तर मीसुद्धा सावली सोडली असती. हिरालाल मागून येत होता, तोंड उघडं, आपल्याच पोराकडे बघत.

"तुनं हे एवढं कवा पाहिलं रे?" त्यानं विचारलं.

लोकेशनं सही केली आणि पेनाला टोपण लावलं. "लहानपनी तुमच्या मांगं मांगंच फिरत होतो नं बाबा. तुमी साहेबाले पडीत म्हनत होते, तवा मी मनातल्या मनात खरं सांगत होतो."

हिरालाल तिथंच ओल्या मातीत मटकन बसला आणि सगळ्यांसमोर रडायला लागला. लोकेश त्याच्याशेजारी बसला, आणि कुणी उठ म्हटलं तरी दोघं बराच वेळ उठले नाहीत.